जुना दोरा सोबत

बाइंडर कुणाकडेही गेला की आधी पुस्तकांच्या पाठी बघायचा आणि मग माणसांची तोंडं. सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तेव्हा सासऱ्यांशी दोन शब्द बोलायच्या आधी त्याने त्यांच्या कपाटातला शब्दकोश काढला, उघडून त्याचा कणा वाकवून पाहिला आणि म्हणाला, "हा फार दिवस टिकायचा नाही." त्याची बायको हा किस्सा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. शब्दकोश खरंच चार महिन्यांत सुटला होता, हे मात्र ती कधी सांगायची नाही.

घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. एका भिंतीला पुठ्ठ्यांचे गठ्ठे, मध्ये लांब टेबल, टेबलावर खळीचं भांडं, मेणाचा गोळा, सुया आणि कागद दाबायची हाडाची पट्टी. खळ सुकेपर्यंत हात रिकामे राहायचे, तेवढ्यात तो समोरचं पुस्तक वाचायचा. त्यामुळे त्याला निम्म्या जगाची निम्मी माहिती होती. मूत्रपिंडाबद्दल तो दुसऱ्या प्रकरणापर्यंत बोलू शकायचा, भाडेकरूंच्या कायद्यावर चाळिसाव्या पानापर्यंत. पुढचं विचारलं की म्हणायचा, "तेवढ्यात खळ सुकली."

एकाच विषयाची त्याला काही म्हणजे काही माहिती नव्हती, आणि तो विषय त्याच्या लेकीचा होता. दोन वर्षांपूर्वी ती परदेशात नदीचा गाळ शिकायला गेली. नातेवाईक विचारायचे, "काय करते पोरगी?" तो म्हणायचा, "गाळ." "गाळ म्हणजे?" "नदीतला." बोलणं तिथेच संपायचं. फोनवर एकदा त्याने तिला विचारलंही होतं, की त्या गाळात असतं तरी काय. ती घाईत होती. म्हणाली, "बाबा, ते जरा टेक्निकल आहे." त्याला वाईट वाटलं, पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पुन्हा विचारलं मात्र नाही. त्यानंतर फोनवर जेवलीस का, थंडी किती आहे, खोकला गेला का, एवढंच चालायचं.

सुट्टीला पाच आठवडे आली, त्यातले जवळजवळ चार बघता बघता गेले. परतीच्या विमानाला नऊ दिवस उरले तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक कचेरी होती आणि तिथल्या सल्लागार बाईंनी यादी पाठवली होती. या बाईंना घरात कुणी पाहिलेलं नव्हतं, पण दोन वर्षांत त्यांचं नाव निघालं नाही असा आठवडा गेला नव्हता. बायको तर "बाईंना विचारलंस का?" असं एखाद्या थोरल्या नणंदेबद्दल बोलावं तसं बोलायची.

"एक, पासपोर्ट," लेक वाचत होती. "सहा महिने तरी मुदत शिल्लक हवी. आहे. दोन, त्यातला व्हिसा. आहे. तीन, कॉलेजचा फॉर्म, त्यावर बाईंची प्रवासाची सही, वर्षाच्या आतली. आहे. चार, नाव चालू असल्याचं पत्र. आहे. आणि हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवायचं, मोठ्या बॅगेत नाही."

"सही वर्षाचीच का?" बाइंडरने विचारलं.

"नियम आहे."

"आणि तू इथे यायला निघालीस तेव्हा कुणी सही मागितली का?"

"नाही. बाहेर पडताना कुणी विचारत नाही, बाबा. परत आत घेताना विचारतात."

त्याला हे फारच नवलाचं वाटलं. तो खुर्ची ओढून बसला. "समज, तू नाही पोचलीस वेळेवर. मग?"

"शनिवारचं विमान, त्यानंतरच्या सोमवारी वर्ग सुरू. त्या दिवशी हजर नसले तर नाव कमी. नाव कमी झालं की व्हिसा संपला. मग सगळं पहिल्यापासून, म्हणजे सहा महिने कुठे गेले नाहीत. आणि तोवर शीतगृहातल्या माझ्या नळ्या काढून जागा दुसऱ्या कुणाला देतील. दोन वर्षं पाण्यात." एवढं बोलून ती हसली, कारण तेव्हा तसं काही होणार नव्हतं.

नळ्या कसल्या, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने ते गिळलं आणि पासपोर्ट उचलला. त्या सगळ्या यादीत त्याच्या धंद्यातली वस्तू ती एकच होती. उचलला आणि त्याचा अंगठा थांबला. मधलं एक पान बाकीच्यांपेक्षा केसभर पुढे आलं होतं.

"याची शिवण गेलीय."

"पावसात बॅग भिजली होती तेव्हा झालं असेल. चालतं हो, बाबा."

चालतं! हा शब्द ऐकला की त्याच्या अंगावर काटा यायचा. गिऱ्हाइकं सुटलेली पुस्तकं घेऊन यायची ती सगळी आधी चालत असलेलीच असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी खरेदीला गेल्या. पासपोर्ट टेबलावर होता. बाइंडरने तो नुसता बघायला म्हणून दुकानात नेला. एक टाका तुटला होता, एकच. तो तेवढाच ओवून घेतला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण त्याच्या हाताला खाज सुटली. एवढी जाड पानं एकाच घडीत कशी बसवली असतील? मधल्या घडीतला दोरा तीन पदरी दिसत होता, त्यातल्या एका पदराचा रंग ओळखू येईना. पासपोर्टचा नंबर बारीक भोकांनी सगळ्या पानांतून आरपार पाडलेला होता आणि एकही भोक हललेलं नव्हतं. पाठीचा पुठ्ठा त्याने हाडाच्या पट्टीने नखभर सोडवला. मग आणखी नखभर. मग सुईच्या टोकाने एक एक टाका उचलत सगळा दोरा बाहेर काढला, आणि ती एवढीशी वही पानापानाने सुटी होऊन त्याच्या टेबलावर पडली. तो तिच्याकडे कितीतरी वेळ बघत बसला. इतका आनंद त्याला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मग त्याने ती परत शिवली. स्वतःचा तागाचा दोरा, त्याला मेण, जुनीच भोकं. एकाही भोकाला धक्का लागू दिला नाही. पुठ्ठा चिकटवला, दाबाखाली ठेवला. शेवटी प्रत्येक कामानंतर करायचा तसा जुना दोरा कागदी पुडीत घातला आणि पुडीवर चार ओळी लिहिल्या. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो शिकला त्याचा हा दंडक होता: दुसऱ्याच्या पुस्तकातून जे काढशील ते त्याचं. काय काढलं, काय घातलं ते लिहायचं, आणि जुनं सोबत द्यायचं. गिऱ्हाइकं पुडी घेऊन कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकायची, तरी तो द्यायचाच. पासपोर्टमध्ये पुडी ठेवायला जागा नव्हती म्हणून ती तेवढी खणात राहिली.

मायलेकी यायच्या आत पासपोर्ट टेबलावर जागच्या जागी होता. आता हिच्या कधी लक्षात येतं ते बघू, म्हणून बाइंडर गालातल्या गालात हसत राहिला. शनिवार गेला. तिने पासपोर्ट दोनदा हाताळला, एकदा तर त्याचाच पंखा करून वारा घेतला. रविवारी चहाच्या वेळी त्याचा धीर सुटला.

"पासपोर्टमध्ये काही फरक वाटतो का?"

"कसला?"

"नाहीच कळायचा," तो खुशीत म्हणाला. "सगळा उसवून नव्याने शिवलाय. आता तू म्हातारी झालीस तरी पान हलायचं नाही."

लेकीने कप खाली ठेवला. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"बाबा, तुम्ही पासपोर्ट उसवला?"

"शिवला."

"आधी उसवला ना?"

"उसवल्याशिवाय शिवणार कसा?"

"अहो, ते पुस्तक आहे का?" बायको ओरडली. तिला नियमातलं काही कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळत होता.

लेकीने तिथल्या तिथे बाईंना लिहिलं. उत्तर सोमवारी संध्याकाळी आलं, आणि नेहमीप्रमाणे मुद्द्यांना आकडे घालून. एक, या पासपोर्टवर प्रवास करू नये. दोन, शिवण बदललेला पासपोर्ट हा फेरफार केलेला पासपोर्ट समजतात. तीन, पान बदलल्याचा संशय आला तर त्यातल्या व्हिसालाही अर्थ राहत नाही. चार, ताबडतोब आपल्या पासपोर्ट कचेरीत जावे. आणि शेवटी, आकडा न घालता: 'हे कुणी केलं आणि का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.'

चाळीस वर्षांत बाइंडरने एकही पुस्तक बिघडवलं नव्हतं, आणि बिघडवलं ते नेमकं हे.

"दुसऱ्याची वस्तू उघडून बघायची ही काय खोड आहे हो तुम्हाला?" लेक म्हणाली. ती आवाज चढवून बोलली असती तर बरं, पण ती हळूच बोलली. त्याने मान खाली घातली.

मंगळवारी सकाळी दोघं कचेरीत गेले. वाटेत तिने बजावलं, "तुम्ही तिथे काही बोलायचं नाही. हूं की चूं नाही."

"नाही."

"काही विचारायचंही नाही."

यावर तो जरा थांबला, पण "बरं" म्हणाला.

खिडकीवरच्या कारकुनाने पासपोर्ट उलटसुलट केला आणि त्यांना आतल्या खोलीत धाडलं. तिथे तपासणी अधिकारी बसल्या होत्या. लहानशी खोली, पडदे ओढलेले, टेबलावर भिंग आणि निळ्या उजेडाचा एक दिवा. बाइंडरची नजर आत शिरल्या शिरल्या दिव्यावर गेली ती तिथेच राहिली.

लेकीने सगळं सांगितलं. अधिकारी बाईंनी दिवा लावून पासपोर्टचा मध्य उघडला.

"बघा," त्या लेकीला म्हणाल्या. "खरा दोरा या उजेडात चमकतो, दोन रंगांत. हा काळा आहे. म्हणजे सगळी वही उघडली गेलीय. वडिलांनी शिवली म्हणता, ते खरंही असेल. पण मधे कुणी एखादं पान बदललं नाही, हे मी कशावरून मानू? मला वर कळवावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

"चौकशी म्हटली की दोन-तीन महिने."

लेकीने पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत ती फ्रॉक असाच धरायची, हे बाइंडरला आठवलं.

"दोरा चमकतो?" तो म्हणाला.

"बाबा!"

"मॅडम, एकच विचारतो. तीन पदरांतले दोन चमकतात ना? तिसऱ्याचा रंग मला तेव्हाही कळला नव्हता."

अधिकारी बाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "तीन पदरी आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

"काढला ना मी. माझ्याकडे आहे तो."

"काय आहे?"

"जुना दोरा. पुडीत. मी टाकत नाही कुणाचाच."

अधिकारी बाईंनी घड्याळ पाहिलं. "एक वाजता मी जेवायला जाते. त्याच्या आत आणाल का, काका?"

बाइंडर साठीला आला होता, पण त्या दिवशी तो पायाला भिंगरी लावल्यासारखा गेला आणि आला. एकाला दहा मिनिटं कमी असताना त्याने घामेजलेल्या हाताने पुडी टेबलावर ठेवली. पुडीवर लिहिलं होतं: 'शुक्रवार. एक टाका तुटका. सगळा दोरा काढला. पान काढलं नाही, घातलं नाही. भोकं जुनीच. तागाचा दोरा, मेण. जुना दोरा सोबत.'

अधिकारी बाईंनी चिमट्याने दोरा उचलून दिव्याखाली धरला. दोरा पेटल्यासारखा चमकला. बाइंडर इतका वाकला की त्याचं डोकं दिव्याला लागता लागता राहिलं. "अरे वा," तो म्हणाला. आपण इथे कशासाठी आलो आहोत, हे तो चार श्वास विसरूनच गेला.

त्यांनी दोऱ्याची लांबी मोजली, पानं मोजली, नंबराची भोकं भिंगातून एका ओळीत पाहिली, शिवणीची भोकं पाहिली. मग भिंग खाली ठेवलं.

"पान बदललेलं नाही. हे मी लिहून देऊ शकते. दोरा नसता तर देऊ शकले नसते. पण मला एक सांगा. तुम्हीच लिहिलंय, एक टाका तुटका. मग बाकीचा कशाला काढलात?"

बाइंडरने लेकीकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. कणा कमकुवत झाला होता म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"गरज नव्हती," तो म्हणाला. "बघायचं होतं. मॅडम, माझी पोर दोन वर्षं तिकडे काय करते ते मला कळत नाही. तिची पुस्तकं माझ्याकडे येत नाहीत. विचारावं तर मला समजायचं नाही, तिचाही वेळ जायचा. तिचं म्हणून माझ्या हातात आलेलं पहिलं पुस्तक हे. याच्यावर ती जाते, याच्यावर परत येते. म्हटलं, आत कसं आहे ते एकदा बघू."

लेक खिडकीकडे बघत होती. खिडकीला पडदा होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

अधिकारी बाईंनी अहवाल लिहिला, त्यावर शिक्का मारला आणि नव्या पासपोर्टसाठी तातडीचा अर्ज स्वतः भरून घेतला. जुन्याचा कोपरा कापून तो रद्द होणार होता, पण व्हिसाच्या पानाला हात लागणार नव्हता. दोन्ही पासपोर्ट आणि पत्र सोबत ठेवायचं. सल्लागार बाईंनीही कळवलं, की एवढं असलं तर चालेल; आता विचारतील, पण आत घेतील. पुडी मात्र कचेरीने ठेवून घेतली. बाइंडरने तिची पोच मागितली आणि मिळवली.

शुक्रवारी नवा पासपोर्ट आला. लेकीने तो दोन्ही हातांनी धरून त्याच्यापुढे केला. "बघा. पण बघायचाच."

त्याने हात पाठीमागे घेतले आणि तिला पानं उलटायला लावली. शनिवारी ती गेली.

सोमवारी सकाळपासून बाइंडरने एकाही पुस्तकाला सुई लावली नाही. खळ घोटली, टाकून दिली, पुन्हा घोटली. बायको तीनदा दारात येऊन "आला का फोन?" विचारून गेली. फोन वाजला तेव्हा त्याचे हात बरबटलेले होते, म्हणून बटण त्याने कोपराने दाबलं.

"आत घेतलं," लेक म्हणाली. "अर्धा तास बसवून ठेवलं, पत्र दोघांनी वाचलं. एकाने जुना पासपोर्ट वाकवून वाकवून बघितला. कॉलेजातही हजेरी लागली. आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वडिलांना सांग, पुन्हा असं करू नका."

त्याच्या जिवात जीव आला. "आणि नळ्या?" त्याने विचारलं. मग घाईने म्हणाला, "राहू दे. तुझा वर्ग असेल."

"नाहीये वर्ग. बाबा, नदीच्या तळात नळी ठोकली की गाळाचा उभा खांब वर येतो, थरावर थर. एक थर म्हणजे एक पूर. त्या पुढच्या महिन्यात उघडायच्या होत्या, सगळे मिळून."

"होत्या?"

"एक उघडली मी. आत्ता, आल्या आल्या. विचारलं नाही कुणाला. राहवेना."

"रागावले?"

"सर रागावलेत. चांगलेच."

बाइंडरला यावर बाप म्हणून काहीतरी कडक बोलायला हवं होतं. त्याने घसा साफ केला, पण कडक असं काही सापडेना.

"काय काढलंस, कुठून काढलंस, लिहून ठेवलंस का?" तो म्हणाला.

"ठेवलंय, बाबा. डबीवर चिठ्ठी लावलीय. उरलेलं सगळं सोबत ठेवलंय."

त्याने खळीचा हात पुसला आणि खुर्ची ओढून बसला.

"बरं," तो म्हणाला. "आत काय निघालं ते सांग. अगदी खालपासून सांग."